शरदातील एका गोडाची कुळकथा

इंग्लंडातील शरद हा कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तील शरदाहून अगदी निराळा. पाऊस ओसरून आकाश निवळावे, नद्यांचे पाणी नितळ व्हावे, चांदणे सांडावे, हे आपल्याकडील शरदाचे रूप. तिकडे त्याच सुमारास दिवस आखडू लागतात, धुके दाटते, भिंतींत ओल शिरते आणि माणसे घराच्या उबेकडे वळतात. बागांतील सफरचंदे उतरविली जातात ती याच दिवसांत. आणि रविवारच्या जेवणानंतर सामान्य इंग्रज घरात जो गरम गोड पदार्थ मेजावर येतो तो ‘ॲपल क्रंबल’. कृती अत्यंत सोपी. आंबट सफरचंदे सोलून चिरावयाची, थोडी साखर पेरून खोलगट भांड्यात पसरावयाची. मैद्याला बोटांच्या टोकांनी लोणी चोळून त्याचा भरड चुरा करावयाचा, त्यात साखर मिसळावयाची, आणि हा चुरा फळांवर सैलसर पसरून ओव्हनमध्ये पाऊण तास भाजावयाचे. वरचा थर सोनेरी व खुसखुशीत होतो. खाली फळे विरघळतात आणि त्यांचा रस कडेने बुडबुडत वर येतो. ‘क्रंबल’ या शब्दाचा अर्थच मुळी चुरा होणे.

एवढ्या साध्या पदार्थाला इतिहास असू शकेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. राजेरजवाड्यांच्या भोजनाचा इतिहास लिहिला जातो, कारण त्यांच्या मुदपाकखान्यांभोवती लिहिणारी माणसे वावरत असत. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांचा, १३९०च्या सुमाराचा ‘द फॉर्म ऑफ क्यूरी’ हा पाकसंग्रह प्रसिद्ध आहे. त्यात सफरचंदाच्या टार्टची कृती सापडते. सफरचंदे, पेअर, अंजीर, मनुका, मसाले आणि रंगाला केशर, असा तो राजस ऐवज. साखरेचा उल्लेख मात्र नाही. हे सारे ज्या पिठाच्या कवचात भरून भाजावयाचे त्याला तेव्हा ‘कॉफिन’ म्हणत. आज हा शब्द शवपेटीसाठी राखून ठेवला गेला आहे. त्या काळी त्याचा अर्थ नुसती पेटी एवढाच होता. क्रंबलच्या वाट्याला असा राजाश्रय आला नाही. त्याचा इतिहास शोधावयाचा तर त्यातील जिनसांच्या मागोव्यानेच जावे लागते, आणि त्या वाटेवर आधी भेटते ते फळ.

क्रंबलसाठी इंग्रज गृहिणी जे फळ पसंत करते ते ‘ब्रॅम्ली’. भारतीय बाजारात सफरचंद म्हणजे तसेच चावून खावयाचे गोड फळ. इंग्रजांच्या लेखी मात्र खाण्याचे सफरचंद वेगळे आणि शिजविण्याचे वेगळे. आपल्याकडे कैरी व आंबा यांत जसा व्यवहारभेद असतो तसाच, फक्त येथे जातीच दोन. ब्रॅम्ली आकाराने मोठे, हिरवट आणि इतके आंबट, की कच्चे खाणे कठीण. उष्णतेने गोड सफरचंदाच्या फोडी आकार धरून राहतात. ब्रॅम्लीच्या फोडी फुलून, विरून मऊ लगदा होतो, आणि शिजल्यावरही त्याचा आंबटपणा शिल्लक राहतो. वरच्या गोड चुऱ्याला हा आंबटपणा तोलून धरतो. शिवाय ऑक्टोबरमध्ये उतरविलेले हे फळ नीट ठेवल्यास हिवाळाभर टिकते.

या फळाचे मूळ झाड नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या लहानशा गावी आहे. मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या तरुण मुलीने १८०९मध्ये तेथील आपल्या घरच्या बागेत सफरचंदाच्या काही बिया लावल्या. त्यांतून हे झाड आले. १८१३मध्ये लग्न होऊन ती ते घर सोडून गेली. पुढे १८४६मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. १८५६मध्ये हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या रोपवाटिकावाल्या मुलाच्या नजरेस हे फळ पडले आणि त्याने कलमांसाठी काड्या मागितल्या. ब्रॅम्लीने त्या खुशाल दिल्या. अट एकच, की फळाला आपले नाव द्यावे. ३१ ऑक्टोबर १८६२ या तारखेला मेरीवेदरच्या हिशेबाच्या वहीत विक्रीची पहिली नोंद आढळते: तीन सफरचंदे, दोन शिलिंग. १८७६मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळसमितीपुढे हे सफरचंद मांडले गेले, त्याची वाखाणणी झाली, आणि मग इंग्लंडभर त्याच्या बागा उभ्या राहिल्या.

यात अन्याय झाला असे म्हणावे, तर तो कुणी जाणूनबुजून केलेला नाही. ब्रॅम्लीने झाड लावले नव्हते, पण कलमे मागितली गेली तेव्हा झाडाचा मालक तो होता. आणि नाव मालकाचे लागते. सफरचंदाच्या बीला मूळ फळाचे गुण जसेच्या तसे येत नाहीत. दर बी म्हणजे एक नवी सोडत. तेच फळ पुन्हा हवे असेल तर कलमच बांधावे लागते. त्यामुळे आज जगात जेथे कोठे ब्रॅम्लीचे झाड आहे, ते मेरी ॲनच्या त्या एका रोपाचाच विस्तार आहे. हापूस खाणाऱ्या मराठी वाचकाला कलमाची ही गोष्ट समजावून सांगावयास नको, आणि नावाचीही नको. ‘हापूस’ या शब्दात पोर्तुगीज ‘अफोन्सो’ दडलेला आहे, आणि १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कशी त्याचा संबंध जोडला जातो. ज्यांच्या हातांनी गोव्यात ती कलमे बांधली आणि जगविली, त्या माळ्यांपैकी कुणाचेही नाव आंब्याला चिकटले नाही. मेरी ॲनचे नाव निदान साउथवेलच्या इतिहासप्रेमी लोकांनी पुढे आणले. मूळ झाड १९००च्या वादळात उन्मळून पडले, पण पडल्या खोडातून पुन्हा फुटले.

साखरेविषयी येथे थोडक्यात एवढेच, की सामान्य इंग्रज घरात ती रुळली ती सतराव्या-अठराव्या शतकांत, कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमांतून. तो इतिहास एका परिच्छेदात मावणारा नाही. क्रंबलवर ओतावयाच्या कस्टर्डची गोष्ट त्या मानाने घरगुती आहे. बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता ॲल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला अंडी सोसत नसत; म्हणून त्याने १८३७मध्ये मक्याच्या पिठापासून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. मराठी घरांतही फ्रूट कस्टर्डच्या निमित्ताने या पावडरीचा डबा ओळखीचा झालेला आहे. डब्यावर नाव मात्र अर्थातच बर्डचे लागले.

आता प्रत्यक्ष क्रंबल. इंग्रजी खाद्येतिहासात असे वारंवार सांगितले जाते, की हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धातील टंचाईतून जन्माला आला. हे विधान जरा जपूनच स्वीकारावयास हवे. अमेरिकेत सफरचंदे आणि पावाचा चुरा यांचे थर देऊन भाजलेली ‘ब्राउन बेटी’ १८६४ इतकी जुनी आहे, आणि पीठ, लोणी व साखरेचा चुरा वर पसरलेले ‘ॲपल क्रिस्प’ १९२४मध्ये छापील स्वरूपात दिसते. म्हणजे कल्पना युद्धाआधीची. युद्धाने तिला इंग्रज घरात कायमची जागा मिळवून दिली, इतके मात्र निश्चितपणे म्हणता येते. आणि त्याचे कारण भावनिक नसून चक्क पिठाच्या गुणधर्मात सापडते.

बेटावरील बहुतांश अन्न समुद्रमार्गे येई आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत होत्या. ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि बेकन यांवर नियंत्रण आले. प्रमाण वेळोवेळी बदलत असे. साधारणपणे माणशी आठवड्याला लोणी दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, मार्गारिन चार औंस आणि साखर आठ औंस. पीठ नियंत्रणाबाहेर राहिले, पण १९४२पासून कोंडा फारसा न काढलेले, करडे पीठ सर्वांच्या वाट्याला आले. सफरचंदे मात्र देशीच होती, परसात होती, आणि शरदात ती भरपूर असत.

या परिस्थितीत पाय करणे अवघड झाले. पायचे कवच म्हणजे मोहन घालून भिजविलेल्या पिठाची पोळी. करंजी-शंकरपाळी करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते, की मोहन कमी पडले तर पदार्थ खुसखुशीत न होता चिवट वा कडक होतो. मोहनाचे काम पिठाच्या कणांना वेढून टाकण्याचे. ते पुरेसे नसेल तर पाणी लागताच पिठातील चिकट प्रथिने एकमेकांना धरतात आणि पोळी वातड होते. क्रंबलमध्ये पाणीच घालावयाचे नसते. भिजविणे नाही, मळणे नाही, लाटणे नाही. त्यामुळे चिकटपणाचे जाळे तयार होत नाही आणि मोहन निम्म्यावर आणले, लोण्याऐवजी मार्गारिन घातले, पीठ करडे असले, तरी चुरा हा चुराच राहतो. लोणी फारच थोडे असेल तर ओट मिसळावेत. साखर कमी असेल तर सफरचंदांत मनुका टाकाव्यात. पाय कमी सामग्रीत बिघडतो. क्रंबल कमी सामग्री पचवून घेतो. ब्रिटिश अन्नमंत्रालयाने पत्रके छापली, १९४०पासून ‘द किचन फ्रंट’ या कार्यक्रमातून बीबीसीवर दररोज काटकसरीच्या पाककृती सांगितल्या. परंतु कोणत्या गृहिणीने कोणत्या दिवशी लाटणे बाजूला ठेवून चुऱ्यावर भागविले, याची नोंद कुठल्याही दप्तरात असणे शक्य नव्हते.

लॉर्ड वूल्टनच्या काळातील या समान वाटपाचे ब्रिटिश इतिहासकार अभिमानाने वर्णन करतात, आणि तो अभिमान अस्थानी नाही. गरिबाला आणि श्रीमंताला सारखेच लोणी मिळाले. तथापि भारतीय वाचकाला त्याच साम्राज्यातील दुसरी बाजू विसरता येत नाही. १९४३मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या काही अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. तेथे आठवड्याच्या दोन औंसांचे पुस्तक कुणाच्या हाती नव्हते. लष्करी खरेदी, तांदळाचे भडकलेले भाव, ब्रह्मदेशातून बंद झालेली आयात आणि सरकारची बेपर्वाई यांत खेडी रिती झाली. बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ हे नाटक १९४४मध्ये रंगभूमीवर आले ते या पार्श्वभूमीवर. नबान्न म्हणजे नव्या भाताचे अन्न; पीक घरात आले की बंगाली कुटुंबात होणारा हेमंतातील सण. इंग्लंडातील गृहिणी शरदातल्या सफरचंदांवर चिमूटभर साखर पेरीत होती, तेव्हा बंगालच्या शेतकऱ्याचा हा सण एका दुष्काळाच्या नाटकाचे शीर्षक बनत होता. क्रंबलची कथा केवळ जिद्दीची आणि काटकसरीची कथा म्हणून सांगितली जाते तेव्हा साम्राज्याचे हे दुसरे ताट तिच्यात मांडलेलेच नसते.

युद्ध संपल्यावरही टंचाई संपली नाही. उलट १९४६ ते १९४८ या काळात पावावरही नियंत्रण आले, जे प्रत्यक्ष युद्धात नव्हते. साखर सप्टेंबर १९५३मध्ये खुली झाली, लोणी मे १९५४मध्ये, आणि ४ जुलै १९५४ रोजी मांसावरील नियंत्रण उठून हे पर्व संपले. पाय करण्यास आता आडकाठी नव्हती. तरीही क्रंबल मागे हटला नाही. शाळांच्या स्वयंपाकघरांत मोठमोठ्या कढयांत तो शेकडो मुलांसाठी भाजला जात असे, आणि ती मुले मोठी होऊन आपापल्या घरी तोच करू लागली. अलीकडच्या कृतींत मैद्याच्या निम्मे लोणी सांगितलेले असते. त्या हिशेबाने चौघांच्या क्रंबलला १०० ग्रॅम लोणी लागते. १९४२मध्ये एवढे लोणी म्हणजे जवळजवळ दोन माणसांचा आठवड्याचा वाटा होता.