अर्ज आणि ठराव

जालना-भोकरदन रस्त्यावर, पूर्णेकाठी आमचं केदारखेडा. 1803 ची असईची लढाई याच मुलखात झाली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला सांगायचं आहे ते कागदावरच्या लढाईबद्दल.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चाले. माझ्या आजोबांची बोली त्या दफ्तराच्या भाषेजवळची. पण म्हणून हुकूम त्यांच्या हातात नव्हता. अर्ज त्यांनाही करावा लागे आणि शेजारच्या कुणब्यालाही. पुढे 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. राजधानी बदलली, अर्ज मात्र राहिला.

बदलाची सुरुवात बलवंतराय मेहता समितीच्या 1957 च्या अहवालाने झाली. मग वसंतराव नाईक समिती, 1961 चा कायदा आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. शाळा, दवाखाने, गावरस्ते यांचा निर्णय लोकांनी निवडलेल्या माणसांकडे आला. तेव्हा आमचा जिल्हा औरंगाबाद. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. कचेरी जवळ आली.

खरा आधार मिळाला तो 73 व्या घटनादुरुस्तीने. 24 एप्रिल 1993 पासून ती लागू झाली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं, पंचायतींकडे सोपवता येतील अशा 29 विषयांची यादी आली, एकतृतीयांश जागा महिलांना राखीव झाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. गावाच्या तोंडी नवा शब्द रुळला : ठराव. अर्जात विनंती असते, ठरावात निर्णय.

पण निर्णयाला पैसा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट गावाकडे आला, तरी त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. गावाने दुसरं काही ठरवलं, तर पुन्हा वरच्याकडेच बघायचं.

आणि 2022 मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा निवडणुका आरक्षणाच्या वादात अडकल्या. कारभार प्रशासकांकडे गेला. निवडणुका घ्या, हे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. एवढी वर्षं शाळेचं छप्पर गळतंय हे सांगायला लोकांना आपला सदस्य नव्हता. हातात होता तो अर्जच. आजोबांचा उर्दूत होता, आमचा मराठीत. फरक म्हणाल तर तेवढाच. म्हणून मतदानाची तारीख पुढे ढकलली गेली, की ती बातमी किरकोळ समजू नये.