पडद्यावरचा संगणक आणि माळ्यावरची कॅसेट

मंडळी, आज आपण धुळ्यात बोलतोय, म्हणून सुरुवात राजवाड्यांपासून करू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले आणि लोकांच्या घरांत पडून असलेली दप्तरं त्यांनी जमवली. १९२६ च्या अखेरीस ते याच शहरात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. आधी अस्सल साधन, मग इतिहास, ही त्यांची शिस्त. तीच आज १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाला लावून पाहू.

जळगाव-धुळ्याकडच्या आमच्या पिढीतल्या अनेकांनी संगणक हाताळण्याआधी तो पडद्यावर पाहिला. १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' मालिका लागायची. पुढे दिग्दर्शक झालेला करण जोहर त्यात होता. मुलं संगणक जुळवतात आणि त्यातून थेट काळाच्या प्रवासाला निघतात! संगणक म्हणजे असंच काहीतरी, असं आम्हाला वाटायचं.

मग सिनेमा हे इतिहासाचं साधन मानायचं का? १९८३ चा 'वॉरगेम्स' घ्या. त्यातल्या मुलाच्या खोलीत आयएमएसएआय ८०८० हे यंत्र आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेलं, सुटे भाग घेऊन घरी जुळवता येणारं. फोनचा रिसीव्हर उपकरणावर ठेवून दुसऱ्या संगणकाशी बोलणं, हेही खरंच होतं. १९८४ च्या 'टर्मिनेटर'मध्ये यंत्रमानवाच्या लाल नजरेतून काही ओळी सरकतात. त्या ॲपल टू या घरगुती संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या आहेत, 'निबल' मासिकात छापलेल्या. म्हणजे भविष्यातल्या यंत्रमानवाच्या डोक्यात घरातला संगणक!

तेव्हा वस्तूची साक्ष पडदा बरी देतो. वापराची मात्र नाही. सिनेमात बटण दाबलं की उत्तर हजर. प्रत्यक्षात काय होतं? पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये ब्रिटनच्या स्पेक्ट्रम प्लसची परवानगी घेऊन आपल्याकडची आवृत्ती काढली. मेमरी ४८ के. तिला वेगळा पडदा लागत नसे, घरातला टीव्हीच जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर. टेपरेकॉर्डर सुरू केला की कर्कश आवाज, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे आणि काही मिनिटं नुसतं थांबणं. मध्येच टेप अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. आणि घरात टीव्ही एकच! संगणक लावला की बाकीच्यांची मालिका बंद. हे थांबणं आणि ही ओढाताण सिनेमात सापडत नाही.

शाळांमध्येही तेच दशक. १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्याआधी १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने याच यंत्रासोबत टीव्हीवरून लोकांना संगणक शिकवायला सुरुवात केली होती.

मग वापराचा इतिहास लिहायचा कशावरून? त्या कॅसेटींवरून, आणि ज्या वह्यांत कुणी पेन्सिलीने बेसिकचे प्रोग्रॅम उतरवले त्यांवरून. पण टेपवरची चुंबकीय नोंद वर्षागणिक क्षीण होते आणि वह्या रद्दीत जातात. उपाय सोपा आहे. त्या कॅसेटवर असतो तो शेवटी आवाजच. साध्या टेपरेकॉर्डरवरून तो आजच्या संगणकात ध्वनिमुद्रित करता येतो आणि जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवूनही पाहता येतो. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा माळा बघा. कॅसेटवर कुणाचं हस्ताक्षर आहे, तेही लिहून ठेवा.