तांब्याच्या पाटीवरचा चार्जर

इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या देवळापाशी घ्यायचे, ही आमच्या पिढीची रीत. १९८०च्या दशकात बॅटरीवाल्याचा चार्जर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि अँमीटर. बॅटरी भरली का, ते हायड्रोमीटर बघून ठरे. लक्ष उडालं की पाणी आटलंच. ही राखण सर्किटवर सोपवायला एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी होती, नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब डॉब्किननं १९७०च्या दशकात घडवलेली. ती आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांत १.२५ व्होल्ट धरून बसते. तिला २४० ओहम आणि २.४ किलोओहमचे रोध जोडले की आउटपुटला १३.७५ व्होल्ट, बारा व्होल्टच्या बॅटरीला कायम जोडून ठेवायला पुरेसे.

सर्किटच्या पाटीची आखणी मात्र कागदावर. आयसीच्या पायांत २.५४ मिलिमीटर अंतर, म्हणून इंचाचे दहा भाग पाडलेला आलेखाचा कागद लागे. नकाशा उलटा करून कार्बननं तांब्यावर उतरवायचा, रेघा एनॅमल रंगानं भरायच्या, मग पाटी फेरिक क्लोराइडमध्ये. त्याचे पिवळे डाग शर्टावरून जात नसत. घरी त्यावरून बोलणी ठरलेली! जास्त प्रवाहाच्या पट्ट्या रुंद ठेवून वर शिसं-कथलाचा थर चढवायचा. १८ व्होल्ट आत आले, तर एका अँपिअरला चार वॅटहून जास्त उष्णता. म्हणून हीटसिंकची जागा आधी आखायची, आणि मधे अभ्रकाची चकती, कारण आयसीची पाठ आउटपुटलाच जोडलेली असते.