'यष्टीमधु' ते 'ज्येष्ठमध' : एका औषधिनामाचा इतिहास

मराठी घरांतून खोकल्यावर आणि बसलेल्या आवाजावर जी पिवळसर, गोड काडी चघळावयास देतात, तिला आपण 'ज्येष्ठमध' म्हणतो. या नावाचा 'ज्येष्ठ' शब्दाशी काहीएक संबंध नाही. सर्व मधांत श्रेष्ठ म्हणून ज्येष्ठमध, ही व्युत्पत्ती ऐकण्यास गोड असली तरी खोटी आहे. मूळ शब्द 'यष्टीमधु', म्हणजे गोड काठी. परंतु एवढे सांगून प्रश्न संपत नाही. या औषधीच्या नावांची उलथापालथ तिच्या गुणांच्या इतिहासात शिरली आहे, आणि नाव चुकले की गुणही भलत्याच वनस्पतीच्या पदरी पडतात.

प्रथम मराठी रूपाचा विचार करू. 'यष्टि' या शब्दातील आद्य 'य'चा प्राकृतात 'ल' होतो, आणि वररुचीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र रचिले आहे. त्या 'लट्ठि'पासून आपली 'लाठी' आली. पालीतही या औषधीस 'लट्ठिमधुक' असे नाव आहे. हिंदीतील 'मुलहठी' किंवा 'मुलेठी' हे शब्द उलट क्रमाच्या 'मधुयष्टि' या समासापासून, प्राकृत 'महुलट्ठि'च्या द्वारे, वर्णविपर्यय होऊन आलेले दिसतात; त्यांत 'मूल' शब्द शोधणे व्यर्थ होय. मराठी 'जेष्ठमध' व गुजराती 'जेठीमध' यांचा मार्ग निराळा आहे. येथे 'य'चा 'ल' न होता 'ज' झाला आहे, जसा 'यात्रा'चा 'जत्रा' या शब्दात होतो. आणि 'ष्ट'चे अवशेषही टिकून आहेत. म्हणजे हा शब्द लोकभाषेत अखंड झिजत आलेला तद्भव नव्हे. वैद्यांच्या संस्कृतातून गांधी आणि पसारी यांच्या तोंडी उतरलेले ते अर्धतत्सम रूप आहे. 'जे' हा स्वर 'जेठ', 'जेष्ठ' या परिचित शब्दांच्या आकर्षणाने आला असावा. पुढे कोणा शुद्धलेखनप्रिय हाताने त्याचे 'ज्येष्ठ' केले, आणि अपभ्रंशाला संस्कृताचा साज चढला. कानडीतही 'ज्येष्ठमधु' असे रूप आढळते. तमिळ व तेलुगू यांनी मात्र काठीचा प्रश्नच सोडून 'अतिमधुर' एवढ्यावर भागविले.

पश्चिमेकडे असाच प्रकार घडला. ग्रीकांनी या वनस्पतीस 'ग्लिकिर्‍हिझा', म्हणजे गोड मूळ, म्हटले. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याचे 'लिक्विरिशिया' झाले, कारण ऐकणाऱ्याला त्यात 'लिकर', म्हणजे द्रव, हा ओळखीचा शब्द ऐकू आला. 'लिकरिस' हा इंग्रजी शब्द तेथूनच आला. सारांश, अपरिचित शब्दाला परिचित शब्दाच्या साच्यात बसविण्याची लोकांची खोड सार्वत्रिक आहे.

आता नावाकडून वस्तूकडे वळू. ज्येष्ठमधाची वनस्पती भूमध्य प्रदेशापासून मध्य आशियापर्यंत उगवते. महाराष्ट्राच्या रानात ती नाही. येथे ती इराण-अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांमार्फत येत असे. चिनी लोक तिला 'गान्-त्साव्', म्हणजे गोड गवत, म्हणतात. ग्रीकांनी मूळ पाहिले, चिन्यांनी रोप पाहिले, आणि आपल्याकडील प्रचलित नावात आहे ती काठी. ज्याने झाड पाहिलेले नाही, केवळ बाजारात आलेला वाळका तुकडा पाहिला आहे, त्याने दिलेले नाव असेच असणार. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात 'मदुघ' नावाची एक गोड वेल खणून काढल्याचा उल्लेख आहे आणि पुष्कळ विद्वान तिला ज्येष्ठमध मानतात. ते खरे धरल्यास त्या काळी, निदान वायव्येकडे, झाड ओळखणारे लोक होते असे म्हणावे लागेल. परंतु गोडपणा हा एकच पुरावा असेल तर ती ओळख फार दूर नेता येणार नाही.

चरकसंहितेत या औषधीस मोठा मान आहे. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायातील पन्नास महाकषायांपैकी जीवनीय, संधानीय, वर्ण्य, कंठ्य, स्नेहोपग, वमनोपग, शोणितस्थापन अशा कितीतरी गणांत 'मधुक' येते. चिकित्सास्थानात मंडूकपर्णी, गुडूची आणि शंखपुष्पी यांच्या बरोबरीने तिचे चूर्ण दुधाशी घेण्यास सांगून तिला मेध्य रसायनांत बसविले आहे. सुश्रुताने शस्त्रकर्मानंतर होणाऱ्या वेदनेवर ज्येष्ठमध घातलेले कोमट तूप शिंपण्यास सांगितले आहे. याच्याशी थिओफ्रास्टसचे वचन ताडून पाहण्याजोगे आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा हा ग्रीक लेखक 'सिथियन मुळा'विषयी लिहितो की ते दमा, कोरडा खोकला व छातीचे विकार यांवर उपयोगी असून मधाबरोबर जखमेवर लावतात. कंठ, छाती आणि व्रण या तीन ठिकाणी दोन्ही परंपरांचा मेळ बसतो. त्यांपैकी कोणी कोणाकडून घेतले हे ठरविण्याची घाई मात्र करू नये, कारण एकच मुळी अनेकांनी चघळली तर अनेकांना एकच अनुभव येणे शक्य आहे.

खरी अडचण 'मधुक' या शब्दात आहे. ऱ्हस्व उकाराचे 'मधुक' म्हणजे ज्येष्ठमध. दीर्घ ऊकाराचे 'मधूक' म्हणजे मोह. अमरकोशात पहिला शब्द नपुंसकलिंगी आहे, दुसरा पुल्लिंगी. पण समासात लिंग नाहीसे होते, आणि मग सारा अर्थ एका मात्रेवर लोंबकळत राहतो. हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून ऱ्हस्वदीर्घाची जी दशा होत असे, ती जुनी बाडे चाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. मोहाचे फूलही गोड व औषधी असल्यामुळे संदर्भावरून निर्णय होतोच असेही नाही. पाठचिकित्सकाला हा क्षुल्लक पाठभेद वाटेल. काढा करणाऱ्याच्या दृष्टीने एका पाठात मुळी आहे आणि दुसऱ्यात फूल.

याहून बिकट प्रकरण 'क्लीतक' या नावाचे. अमरकोश मधुक, यष्टिमधुक व मधुयष्टिका यांच्या पंक्तीत 'क्लीतक' बसवितो. चरकाच्या पहिल्या अध्यायात मात्र आनूप आणि स्थलज असे दोन प्रकारचे क्लीतक फलिनी वर्गात, म्हणजे ज्यांचे फळ उपयोगी अशा वनस्पतींत, मोजले आहे. ज्येष्ठमधाचे फळ कोण वापरतो? सुश्रुताच्या कल्पस्थानात तर क्लीतक आठ मूलविषांच्या आरंभीच येते, आणि त्याच यादीत अश्वमार, म्हणजे कण्हेर, व गुंजा आहेत. एकाच नावाखाली गोड औषध, उपयोगी फळ आणि विषारी मूळ एकत्र आली असतील, तर त्या नावाने दोन किंवा तीन वनस्पती ओळखल्या जात होत्या असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. कोशकाराने पर्याय एका ओळीत ओवले, पण वस्तू एक झाल्या नाहीत. निघंटूंतील पर्यायमालांवर विसंबून वनस्पती ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

गुंजेचा उल्लेख येथे यावा हेही मौजेचे आहे. तिचा पाला गोड असल्यामुळे आवाजासाठी तो चघळण्याची चाल महाराष्ट्रात आहे, आणि इंग्रजी अमदानीत तिला 'इंडियन लिकरिस' असे नाव मिळाले. तिच्या बियांतील अब्रिन मात्र जहाल विष आहे. चवीवरून नाव देण्याची पद्धत किती घातक होऊ शकते, याचा हा स्वतंत्र पुरावा.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसरायझिन या द्रव्यामुळे असून ते साखरेच्या सुमारे पन्नास पट गोड असते. 1946 साली रेव्हर्स या डच वैद्याने ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरव्रण बरे होतात असे प्रसिद्ध केले, पण सुमारे पाचांपैकी एका रोग्याच्या अंगावर सूज येते हेही नोंदविले. कारण पुढे कळले. या द्रव्यापासून होणारे आम्ल शरीरातील कॉर्टिसोल निष्क्रिय करणाऱ्या विकराला अडविते. मग शरीरात मीठ व पाणी साचते, पोटॅशियम निघून जाते आणि रक्तदाब चढतो. थिओफ्रास्टसने ऐकले होते की हे मूळ तोंडात धरले असता तहान भागते, आणि सिथियन लोक ते व घोडीच्या दुधाचे चीज यांवर अकरा-बारा दिवस काढतात. त्या कथेचा या शोधाशी सांधा जुळविण्याचा मोह होतो. परंतु तोंडात धरलेली काडी आणि रोग्याला रोज दिलेला अर्क यांत पुष्कळ अंतर आहे.

चिनी वैद्यकात या मुळास 'राष्ट्राचा वडीलधारा' अशी पदवी आहे, कारण काढ्यातील इतर औषधांचे भांडण ते मिटविते असा समज आहे. तेथे वडीलपण गुणाने मिळाले. आपल्याकडे ते उच्चाराच्या घसरणीने. दोन्ही नावे शेजारी ठेवून त्यांत एका प्राचीन समान कल्पनेचा धागा दाखविणारा लेख कोणी लिहिलाच, तर त्याला 'यष्टी'चे हे उत्तर पुरेसे आहे.