हडसन खोऱ्यातील सफरचंदबागा आणि एका माशीची वाटणी

युरोपीय वसाहतकारांनी सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेत सफरचंद नेले ते मुख्यतः साइडर या आंबवलेल्या पेयासाठी, आणि त्यासाठी फळ थोडेफार किडके असले तरी फारसे अडत नसे. एकोणिसाव्या शतकात मात्र न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या खोऱ्यात कलमी बागा वाढल्या, ‘न्यूटाउन पिपिन’ वाणाची फळे जहाजाने इंग्लंडला जाऊ लागली आणि फळातील कीड हा बागायतदाराच्या उत्पन्नाचा प्रश्न झाला. याच खोऱ्यातून १८६० च्या दशकात सफरचंदाचा गर पोखरणाऱ्या एका अळीच्या तक्रारी येऊ लागल्या. ही अळी ज्या माशीची, ती परदेशी नव्हती. हॉथॉर्न या लहान लाल फळांच्या स्थानिक काटेरी झाडावर ती पूर्वापार वाढत आली होती.

केंब्रिजमध्ये डार्विनचा समकालीन असलेला आणि अमेरिकेत शेती व लाकडाचा व्यापार करून उतारवयात कीटकांकडे वळलेला बेंजामिन वॉल्श याने १८६४ मध्येच असे मांडले होते, की कीटकांचा एखादा गट नव्या वनस्पतीवर स्थिरावला तर खाद्यातील हा बदलच त्याला हळूहळू वेगळ्या जातीकडे नेऊ शकतो. सफरचंदावरील माशीत त्याला या विचाराचे जिवंत उदाहरण मिळाले. परंतु विसाव्या शतकात उत्क्रांतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांच्या प्रभावामुळे जातिउद्भवनासाठी, म्हणजे एका जातीपासून दुसरी जाती निर्माण होण्यासाठी, डोंगर किंवा समुद्रासारखा भौगोलिक अडसर आवश्यक मानला गेला. हा आग्रह निराधार नव्हता. एकाच परिसरात संकर होत राहिला, तर दोन गटांतील जनुके पुन्हा पुन्हा मिसळून त्यांच्यातील भेद पुसला जातो.

कीटकशास्त्रज्ञ गाय बुश यांनी १९६० च्या दशकात हा प्रश्न पुन्हा उकरून काढला, आणि अडसर जमिनीवर नसून ऋतुचक्रात असल्याचे पुढे दिसत गेले. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा तीन-चार आठवडे आधी पिकते; प्रौढ माशी साधारण महिनाभर जगते, फळाच्या वासावरून झाड शोधते आणि त्या फळावरच समागम करते, त्यामुळे फळाची निवड हीच जोडीदाराची निवडही ठरते. शिवाय सफरचंदावरील अळी लवकर जमिनीत जाऊन कोष करते, तेव्हा हिवाळ्यापूर्वीच्या लांबलेल्या उबेत अवेळी बाहेर न पडण्यासाठी तिची सुप्तावस्था अधिक गाढ असावी लागते. ज्यांच्यात ती तशी नसते, त्या नष्ट होतात. नैसर्गिक निवड इथे इतकी कठोर आहे, की दर पिढीत ४ ते ६ टक्के माश्या दुसऱ्या झाडाकडे जात असूनही दोन्ही समष्टींतील, म्हणजे आपसात प्रजनन करणाऱ्या समूहांतील, जनुकांचे प्रमाण वेगळे राहते. १९८८ मध्ये ‘नेचर’मधील शोधनिबंधांनी हा फरक दाखवून दिला.

मात्र अवघ्या दीडशे वर्षांचा हा वेग फसवा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सुप्तावस्थेशी निगडित गुणसूत्रांवरील काही उलटलेले खंड मेक्सिकोतील जुन्या समष्टींतून फार पूर्वी उत्तरेकडे आले होते. सफरचंदाने नवे वैविध्य घडवले नाही, साठून राहिलेल्या वैविध्याला वाट दिली. आजही बहुतेक शास्त्रज्ञ या दोन गटांना स्वतंत्र जाती न म्हणता ‘यजमान-वंश’, म्हणजे आश्रयाच्या वनस्पतीनुसार फुटलेल्या शाखा, असेच म्हणतात. दरम्यान त्यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या एका परजीवी गांधीलमाशीतही तशीच फूट पडू लागल्याचे २००९ मध्ये आढळले.