गर्भाचं पहिलं जनुक कधी जागं होतं?

फलित झालेलं मानवी बीजांड पहिले दोन-अडीच दिवस जवळजवळ सगळं आईच्या जिवावर चालतं. गर्भाशयाचा इथे संबंध नाही, गर्भ अजून तिथे रुजलेलाही नसतो. अंडाशयात वाढत असतानाच बीजांड संदेशवाहक आरएनए आणि प्रथिनं साठवून ठेवतं आणि त्या शिदोरीवर पहिली विभाजनं पार पडतात. मग गर्भाची स्वतःची जनुकं, आईकडून आलेली आणि बापाकडून आलेलीही, कामाला लागतात. कधी लागतात, याचं उत्तर काळानुसार बदलत आलं आहे. आणि ते बदललं ते बहुतेक वेळा नवं साधन हाती आल्यामुळे.

सुरुवात माणसापासून फार दूर, समुद्रातल्या काटेरी सी-अर्चिनपासून झाली. अमेरिकेत वुड्स होल इथे एथेल ब्राउन हार्वी यांनी या प्राण्याची अंडी वेगाने फिरवून दुभंगवली आणि केंद्रक नसलेला अर्धा भाग वेगळा काढून चेतवला. १९३६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की हा बिनकेंद्रकाचा तुकडाही विभागत राहतो. त्यातून जीव घडत नाही, पण पेशी वाढत जातात. जनुकांवाचून पेशी दुणावतात, हे त्या काळी पचायला जडच गेलं असणार. १९६०च्या दशकात पॉल ग्रॉस यांनी अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे औषध वापरून डीएनएवरून आरएनए बनण्याची क्रियाच रोखली. तरीही सी-अर्चिनचे गर्भ सुरुवातीची विभाजनं करत राहिले आणि नंतर अडले. म्हणजे पहिल्या कामाचे आदेश अंड्यात आधीच लिहून ठेवलेले होते.

पुढे १९८२ साली बेडकाच्या गर्भात आईच्या शिदोरीवरून स्वतःच्या जनुकांवर येण्याचा बदल बारा विभाजनांनंतर, सुमारे चार हजार पेशी झाल्यावर होतो असं न्यूपोर्ट आणि कर्शनर यांनी दाखवलं. उंदरात मात्र तो दोन पेशी असतानाच होतो. मग माणसात?

हे विचारायला मानवी गर्भ प्रयोगशाळेत असायला हवा होता. १९७८ साली इंग्लंडमध्ये शरीराबाहेरच्या फलनातून, म्हणजे आयव्हीएफने, लुईस ब्राउन या पहिल्या बाळाचा जन्म झाला आणि १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. बाळं जन्मत होती, पण त्यांची जनुकं कितव्या दिवशी जागी होतात ते ठाऊक नव्हतं. वैद्यकात असं अनेकदा होतं. हात पुढे जातो, समज मागून येते.

उत्तर १९८८ साली ‘नेचर’मध्ये आलं. पीटर ब्रॉड, व्हर्जिनिया बोल्टन आणि स्टीफन मूर यांनी मानवी गर्भ कोणती प्रथिनं बनवतो ते टप्प्याटप्प्याने तपासलं. काही गर्भांना त्यांनी अल्फा-अमॅनिटिन दिलं. हे ‘डेथ कॅप’ या जीवघेण्या अळंबीतलं विष. आरएनए बनवणारं यंत्र ते बंद पाडतं. विष असूनही गर्भ चार पेशींपर्यंत पोचले. चारनंतर मात्र अडले. चार ते आठ पेशींच्या दरम्यान दिसणारी नवी प्रथिनंही विषामुळे उमटली नाहीत. म्हणजे स्वतःची जनुकं इथे, साधारण तिसऱ्या दिवशी, कामाला लागतात. प्रयोग साधा होता आणि माझ्या मते या सगळ्या मालिकेतला सर्वांत देखणा.

आयव्हीएफच्या खोलीतही या निष्कर्षाला अर्थ होता. दुसऱ्या दिवशी छान दिसणारा गर्भ मुख्यतः बीजांडाचा दर्जा सांगतो, गर्भाचा स्वतःचा नव्हे. पाचव्या दिवसापर्यंत वाढवलेला गर्भ निदान स्वतःची जनुकं जागी करण्याची परीक्षा देऊन आलेला असतो.

त्यानंतर एकेका पेशीतला आरएनए वाचण्याचं तंत्र आलं. २०१७ साली कोणतं जनुक तिसऱ्या दिवसाची ही जागृतीची लाट उठवतं याचा शोध डक्स-४ पाशी पोचला. या जनुकाची ओळख आधी वेगळ्याच कारणाने होती. प्रौढ स्नायूंत ते गप्प असायला हवं. तिथे ते चुकून जागं झालं की चेहऱ्याचे आणि खांद्याचे स्नायू झिजतात. लगेच त्याला ‘मुख्य जनुक’ म्हणायची घाई झाली. पण त्याचं उंदरातलं भावंड काढून टाकलं तरी उंदराची पिल्लं जन्मतात, हे लवकरच दिसलं. अशा पदव्या देताना जरा थांबलेलं बरं.

२०२१च्या अखेरीस बाथ विद्यापीठातल्या अँथनी पेरी यांच्या गटाने एकपेशीय मानवी गर्भाचाच आरएनए खोलात वाचला. फलनानंतर आईकडचा आरएनए कमी होत असतानाच शेकडो जनुकांचा आरएनए किंचित वाढलेला त्यांना आढळला. म्हणजे कुजबुज तिसऱ्या दिवशी नव्हे, पहिल्याच पेशीत सुरू होते. ज्या फलित बीजांडात नेहमीच्या दोनऐवजी एक किंवा तीन केंद्रकं दिसत होती, तिथे ही वाढ विस्कटलेली होती.

यामुळे १९८८ चं उत्तर खोटं ठरत नाही. ब्रॉड यांच्या गटाकडे प्रथिनांचे पट्टे पाहण्याचं साधन होतं आणि त्या साधनाला दिसेल एवढी मोठी लाट खरोखरच चार ते आठ पेशींच्या दरम्यान येते. त्याआधीची हलकी वाढ त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: गर्भाची जनुकं ‘तिसऱ्या दिवशी जागी होतात’ असं जिथे छापलं असेल, तिथे ‘मोठ्या प्रमाणावर’ हे दोन शब्द आता वाढवावेत.