सर्पगंधा : अतिरक्तदाबावरील औषधयोजनेचा इतिहास

सर्पगंधा ही ॲपोसायनेसी कुलातील लहान, बहुवर्षायू झुडुपवजा वनस्पती (लॅ. रौवोल्फिया सर्पेंटिना). सह्याद्रीच्या व हिमालयाच्या पायथ्याच्या दमट जंगलांत ती आढळते. प्रजातीचे नाव सोळाव्या शतकातील आउग्सबुर्ग येथील वैद्य लेओनहार्ट राउव्होल्फ यांच्यावरून पडले. निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर तिचे मूळ भारतात परंपरेने देत असत. विसाव्या शतकात तिला मिळालेले महत्त्व मात्र अतिरक्तदाबावरील उपचारामुळे आहे. परिणामकारक औषध हाती येणे आणि ते सुरक्षितपणे देता येणे या दोन गोष्टींतील अंतर तिच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

प्रारंभीचे संशोधन : १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मुळाच्या चूर्णाचा उन्माद व अतिरक्तदाब यांवरील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातील काही अल्कलॉइडे वेगळी केली. हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांपैकी एकाला ‘अजमलीन’ हे नाव देण्यात आले. पुढे रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळाचे औषधिक्रियाविज्ञान अभ्यासले. मात्र हे कार्य भारताबाहेर फारसे पोहोचले नाही.

मुंबईतील कार्य : ही उणीव रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी भरून काढली. मुंबईच्या राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृद्रोगतज्ज्ञांनी अज्ञातहेतुक अतिरक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यानंतर अमेरिकेत बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी ‘रेसर्पीन’ हे मुख्य अल्कलॉइड वेगळे केले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार व १९५८ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला.

मात्रेचा प्रश्न : रेसर्पीन तंत्रिकाग्रांतील नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन व सेरोटोनीन यांचे साठे रिकामे करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो, पण पूर्ण परिणाम दिसण्यास कित्येक दिवस ते काही आठवडे लागतात आणि औषध थांबविल्यावरही तो बराच काळ टिकतो. गुण लवकर दिसत नाही म्हणून घाईने मात्रा वाढविल्यास अनिष्ट परिणाम साचत जातात. सुमारे २०० ते ३०० मिग्रॅ. मूळचूर्ण ०·५ मिग्रॅ. रेसर्पिनाच्या तोडीचे मानले जाते. तथापि मुळातील अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक व प्रदेशागणिक बदलते, म्हणून चूर्णाने मात्रा नेमकी ठरविणे अवघड असते.

अनिष्ट परिणाम : नाक चोंदणे, गुंगी व अतिसार हे सौम्य परिणाम होत. गंभीर परिणामांत जठरव्रण व खिन्नता येतात. मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांतील खिन्नतेकडे एडवर्ड फ्रीस यांनी १९५४ मध्येच लक्ष वेधले होते. खिन्नता, जठरव्रण वा कंपवात असलेल्या रुग्णास हे औषध देऊ नये, असा नियम यातून रूढ झाला. डिजिटॅलिसासोबत ते दिल्यास हृदयाची गती फार मंदावण्याचा वा अनियमित होण्याचा संभव असल्याने सावधगिरी लागते. सांधेदुखीसाठी वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णाबाबत धोका दुहेरी असतो : ती जठराला व्रण पाडू शकतात आणि शरीरात लवण साठवून रक्तदाबही वाढवितात. म्हणून अतिरक्तदाबाचे औषध लिहून देण्यापूर्वी रुग्ण आणखी कोणती औषधे घेतो हे विचारणे आवश्यक ठरते.

अल्पमात्रेचा काळ : १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ११५ ते १२९ मिमी. प्रसरणदाब असलेले १४३ रुग्ण होते. दिवसाला ०·२ मिग्रॅ. रेसर्पीन, मूत्रल व हायड्रॅलॅझीन हे एकत्र घेणाऱ्या ७३ जणांपैकी दोघांत, तर निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांत गंभीर उपद्रव उद्भवले. एकाच औषधाची मात्रा वाढवीत नेण्यापेक्षा निरनिराळ्या औषधांच्या लहान मात्रा एकत्र देण्याचे महत्त्व यावरून पटले. १९७४ मध्ये रेसर्पिनाचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी जोडणारे तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. नंतरच्या संशोधनाने त्यांना पुष्टी दिली नाही, पण औषधावरील विश्वास डळमळला. नवी औषधे उपलब्ध झाल्यावर त्याचा वापर हळूहळू कमी झाला.

मुळांना मागणी वाढल्याने रानातील झाडे झपाट्याने घटली. १९९० मध्ये वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश झाला.

महत्त्व : २०१८ मध्ये महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा या जिल्ह्यांत सुरू झालेल्या अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रमात ठरावीक औषधे, पायरीपायरीने वाढणाऱ्या मात्रा व प्रत्येक भेटीची नोंद यांवर भर आहे. त्यांत रेसर्पीन नाही. परंतु त्याच्या अनुभवातून मिळालेला धडा या पद्धतीतही दिसतो. मोठ्या शहरातील रुग्णालय असो वा पालघर तालुक्यातील मासवणसारखे गाव असो, रक्तदाब मोजणे, अल्प मात्रेने आरंभ करणे, परिणामासाठी पुरेसा काळ थांबणे आणि रुग्णाच्या शरीराबरोबर मनाचीही विचारपूस करणे, ही सुरक्षित औषधयोजनेची मुख्य अंगे होत.